झाकणं नीट लाव

सुमे,

आधी शिव्या घालून घे. तुझे सासरे गेले तेव्हा मी ग्रुपवर दोन हात जोडलेले टाकले आणि मग आज फोन करू उद्या करू म्हणत चार महिने घालवले, हे मला माहितीये, आणि तू ते मनात धरून बसलीयस हेही माहितीये. आता फोन करायचीच लाज वाटते म्हणून हे लांबलचक टाइप करतेय. व्हॉइस नोट पाठवली असती पण तू त्या ऐकत नाहीस, "नंतर ऐकते" म्हणतेस आणि नंतर कधी येतच नाही.

तब्येती ठीक. अजयची शुगर काठावर, माझा गुडघा कुरकुरतो, सासूबाई ठणठणीत, आपल्या दोघींना पोचवून मग जातील. झालं तब्येतींचं.

आता ऐक. परवा आमच्या घरात अननस कडू झाला.

हसलीस ना? नागपूरहून ऐकू आलं मला. म्हणूनच तुला लिहितेय, कारण हे वाक्य अजयला सांगितलं तर तो म्हणाला "अननस कच्चा असेल", आणि पुढे पेपर वाचायला लागला. जगात एकच बाई आहे जिला या वाक्याचा अर्थ कळतो आणि तिच्याशी मी चार महिने बोललेले नाही.

तर मीनूने नोकरी सोडली. हे तुला दिप्याकडून कळलं असेलच, त्याच्या पोटात काय राहतं. फेब्रुवारीत सोडली. चांगली हिंजवडीतली नोकरी, बसायला एसी, खायला कॅन्टीन, आणि ही म्हणते मला सॅलडचे डबे करून विकायचेत. मी म्हटलं सॅलड म्हणजे काकडी-टोमॅटो चकत्या करून ताटात लावतात ते? तर म्हणे नाही आई, उन्हाळ्याचं सॅलड, फळं आणि चीज. सासूबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला की फळ आणि दूध एकत्र म्हणजे विरुद्ध आहार, अंगावर पुरळ येतं. मीनू म्हणाली "आजी, मग शिकरण काय असतं?" सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी शिकरण केली. असं घर आहे आमचं.

खरं सांगू, पहिल्यांदा तिने केलं तेव्हा मी नाक मुरडूनच चमचा उचलला होता. कलिंगड, त्या छोट्या काळपट शुगर बेबीचं, मोठे मोठे चौकोनी तुकडे, चाळणीत घालून फ्रिजमध्ये निथळत ठेवलेले, कारण नाहीतर डब्यात तळ्यासारखं पाणी होतं. काकडीच्या फोडी. पुदिना चिरायचा नाही, हाताने तोडायचा, चिरला की काळा पडतो. कांदा अगदी पातळ, लिंबात दहा मिनिटं बुडवून, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. आणि वरून फेटा चीज कुस्करून, चार वाट्या कलिंगडाला वाटीभर. मीठ अजिबात नाही, सगळं मीठ त्या फेट्यातच. शेवटी मिरपूड आणि भाजलेल्या मगजबिया. सुमे, गार गोड कलिंगड आणि त्यावर ते खारट भुसभुशीत, मे महिन्याच्या दुपारी, पंख्याखाली बसून. आपण कलिंगडाला मीठ-तिखट लावून खायचो ना गणपती पेठेतून येताना, तेच आहे गं, फक्त ग्रीसमधून फिरून आलेलं. तिकडे म्हणे उन्हाळ्यात घरोघरी कलिंगडासोबत फेट्याचा तुकडा खातात, जसे आपण आमरसाबरोबर पुरी.

पण फेटा परवडत नाही. दोनशे ग्रॅमचा डबा सव्वातीनशेला, आणि हिचा सॅलडचा डबा एकशेऐंशीला. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला तर डब्यामागे बावीस रुपये सुटत होते, त्यात गॅस नाही, माझा ओटा नाही, स्कूटरचं पेट्रोल नाही. त्यावर पुन्हा मला ऐकवते की आपल्याकडे मिळतो तो बहुतेक गाईच्या दुधाचा, तो खरा फेटाच नव्हे, युरोपात २००२ पासून नियम आहे की हे नाव फक्त ग्रीसमधल्या ठरावीक भागांतल्या चीजला लावायचं, तेही मेंढीच्या दुधाच्या, फार तर तीस टक्के शेळीचं चालतं. मी म्हटलं बाई, पैसे देऊन खोटाच आणायचा तर घरचा खोटा कर. तिने केला. म्हशीचं दूध लिंबावर फाडून पनीर, वजनाखाली दाबून, मग मिठाच्या पाण्यात दोन दिवस. लिटरभर दुधाचं जेमतेम दोनशे ग्रॅम होतं पण छान लागतं, खरंच छान. लोक म्हणतात कष्टाचं चीज झालं, आमच्याकडे चीजचे कष्ट झालेत. ओट्यावर कायम काहीतरी फडक्यात बांधून टांगलेलं असतं, सासूबाई विचारतात चक्का कधी होणार.

मला काय वाटतं विचारशील तर मला रात्री झोप लागत नाही. सव्वीस वर्षांची पोरगी, पीएफचे पैसे फ्रिजमध्ये घातले (नवा घेतला, हॉलमध्ये उभा आहे, पाहुण्यांना वाटतं आमचा सोफा विकला), पावसाळा लागला की कलिंगड संपणार, मग काय विकणार? विचारलं तर म्हणते सीझनप्रमाणे बदलू, जांभूळ येईल, पेरू येईल, सीताफळ येईल. सीताफळाचं सॅलड! बिया कोण काढणार, मी? आणि हे सगळं मी रोज बोलते. बोलतेच. तुला माहितीये माझं तोंड. तर परवाच्या आदल्या रात्री आमचं कडकडून भांडण झालं, तिच्या जुन्या मॅनेजरचा फोन आला होता परत येतेस का म्हणून आणि हिने नाही सांगितलं, मी भात वाढता वाढता काहीतरी बोलले, आणि ती ताटावरून उठून म्हणाली, "आई, तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी काढतेसच. एकदा, फक्त एकदा, गप्प बसशील?"

बरं. सकाळी अठरा डब्यांची ऑर्डर होती, कुठल्याशा ऑफिसात वाढदिवस. पहाटे मंडईतून तीन कलिंगडं आणलेली, आदल्या आठवड्यात वळीव झालेला, तिन्ही आतून फिकट आणि पाणचट. परत जायला वेळ नाही. पण अननस होते घरात, दोन मोठे, घमघमीत पिकलेले. मी चहाचा कप घेऊन दारात उभी. ती भराभर अननस सोलतेय, डोळे काढतेय, तिरक्या चकत्या, मग त्रिकोणी तुकडे, आणि डब्यात खाली अननस, वर काकडी, वर ते पनीर, पुदिना. तो पिवळा आणि त्यावर ते पांढरं.

सुमे, देवाशपथ, माझ्या जिभेवर ते कडू आलं. त्याच क्षणी. १९९४चा आनंदमेळा, आपला फ्रूट सॅलडचा स्टॉल, आठ लिटर दुधाचं कस्टर्ड, आदल्या रात्री त्यात घातलेले ताजे अननस, आणि सकाळी पहिला पेला रेक्टरबाईंना दिला तेव्हाचं त्यांचं तोंड. केळी काळी पडलेली ती वेगळीच.

माझं तोंड उघडलं. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "झाकणं नीट लाव."

मग तिने एक तुकडा मला भरवला, सात वाजता, आणि तो उत्तम लागला. एकदम उत्तम. मीही स्वतःला सांगितलं की बघ, छान आहे, तेव्हा दुधाचंच काहीतरी बिघडलं असेल. मी अंघोळीला गेले.

दीड वाजता फोन. औषधासारखं कडू, आणि पनीर कडेने विरघळल्यासारखं बुळबुळीत झालंय. अठराच्या अठरा. हिने सगळे पैसे परत केले, वर सॉरी म्हणून पुढच्या आठवड्यात फुकट देते म्हणाली, फोन ठेवला आणि ओट्याशी उभं राहून उरलेल्या डब्यातला एकेक तुकडा खात राहिली, कडूच, तोंड न वाकडं करता. मला वाटलं रडेल. रडली नाही. मोबाईलवर शोधत बसली आणि मग मला वाचून दाखवलं की ताज्या अननसात ब्रोमेलेन म्हणून एक एन्झाइम असतं, ते दुधातलं प्रोटीन तोडतं, तुटलेले तुकडे कडू लागतात, त्याला वेळ लागतो म्हणून सकाळी कळलं नाही. किवी आणि कच्च्या पपईचंही तेच. उष्णता दिली की एन्झाइम मरतं, म्हणून डब्यातल्या टिनच्या अननसाने असं काही होत नाही. म्हणजे बघ, जाडी मंजू तेव्हा सांगत होती टिनचा आणा टिनचा आणा, आणि आपण तिला श्रीमंतीचा माज म्हणून हाकलून दिलं.

आणि वाचून झाल्यावर मीनूने सहज विचारलं, "आई, तुला माहीत होतं का गं असं होतं?"

मी म्हटलं, "नाही गं."

झालं, हेच लिहायचं होतं. एवढं सगळं वर लिहिलं ते यासाठी. मला कळत नाहीये मी गप्प का बसले. तिने गप्प बस म्हटलं म्हणून? की विसरले, म्हणजे जीभ आठवत होती आणि डोकं नाही? की, आणि हे तुलाच लिहू शकते, मला ते बिघडायला हवं होतं? एकदा चांगलं तोंडावर पडू दे म्हणजे जाईल परत ऑफिसात. तीन रात्री उलटसुलट करून बघतेय, रोज वेगळं उत्तर येतं. रात्री दोन वाजता तिसरंच खरं वाटतं.

आणि आता तुझ्या रागाची गोष्ट. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी प्रत्येक गेटटुगेदरला सांगत आलेय की सुमीला माहीत होतं, तिच्या आईने तिला सांगितलं होतं दुधात ताजा अननस घालू नये, आणि तरी ही बया हातात डाव घेऊन गप्प उभी राहिली आणि आपले साडेचारशे रुपये बुडाले. सगळे हसतात, तूही हसतेस, फक्त पुण्याच्या वेळी उठून बाल्कनीत गेली होतीस. ती गोष्ट सांगताना मी एक वाक्य गाळते. कायम गाळत आले. तू तोंड उघडलं होतंस, "अगं पण आई म्हणते," एवढं म्हणाली होतीस, आणि मी म्हणाले होते, "तू गप्प बस, तुला स्वयंपाकातलं काय कळतं." मला ते स्पष्ट आठवतं. मी विसरले नव्हते कधीच. सांगताना गोष्टीचा वेग जातो म्हणून गाळलं असं म्हणायची सोय आहे, पण तेही खोटंच.

म्हणजे तू गप्प बसलीस ती माझ्यामुळे. पण मला हेही विचारायचंय, आणि खरं सांग, तुलाही थोडं वाटलं होतं का, की बिघडू दे एकदा हिचं? वाटलं असेल तर मला फार बरं वाटेल. अगदी थोडं वाटलं असलं तरी चालेल.

मीनूला सांगायला हवं. अजय म्हणतो कशाला उकरतेस, पण त्याला मी पूर्ण सांगितलेलंच नाही, त्याला अजून अननस कच्चा होता असंच वाटतंय. तिला सांगितलं तर ती म्हणेल मला माहीतच होतं तुला हे नकोय. आणि ते खरंच आहे ना, मला नकोच आहे. पण ते पनीर मिठाच्या पाण्यात टाकायची युक्ती माझी होती, लिंबात कांदा बुडवायचा तोही माझा, आणि मगजबिया मीच रोज भाजते. हे पण खरं आहे. दोन्ही एकाच बाईचं कसं असू शकतं, तूच सांग, तू सायकॉलॉजी घेतलं होतंस, मी बंक मारायचे.

बरं तुझं काय. आदित्यचा निकाल लागला का? घर विकताय असं दिप्या म्हणाला, खरं का? विकू नका बाई इतक्यात, निदान मागचं आंब्याचं झाड माझ्या नावावर करा. उन्हात फिरू नकोस, नागपूर शेचाळीसवर गेलं म्हणे. सासूबाई कशा आहेत एकट्या? हे आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. जूनमध्ये येतेस का? ये. हॉलमध्ये फ्रिज आहे पण गादी बसते बाजूला.

आत्ता ती परत अननसच करतेय. हट्टी आहे. तव्यावर तुपाचा थेंब टाकून चकत्या दोन्ही बाजूंनी चांगल्या लालसर भाजल्या, आतपर्यंत वाफ गेली पाहिजे म्हणाली, मग गार करून पनीरबरोबर डब्यात भरल्या, आणि झाकणावर चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय, "स. ७.१०". शेजारी दुसरा डबा, कच्च्या अननसाचा, मुद्दाम. त्यावर "कडू" लिहिलंय. एक वाजता दोन्ही उघडायचे आणि मी चाखायचे असं ठरलंय, कारण म्हणे आईची जीभ खरं सांगते.

वाच ते शेवटचं परत एकदा आणि मग माझ्यावर हस.

तुझी,
शमी

ता.क. चाखलं. भाजलेल्याचं काही बिघडलेलं नाही, उलट किंचित धुरकट गोड लागतंय, पनीर जसंच्या तसं. दुसरा कडू. तिने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली पातेलीभर करून बघू आता. मी म्हटलं पातेल्यावरून एक गोष्ट आठवली, बस जरा. पण तेवढ्यात बेल वाजली, दूधवाला होता. आता ती दूध तापवतेय आणि मी हे पाठवून आत जातेय. तेव्हाचं ते मोठं पातेलं शेवटी कोणी घासलं होतं गं? मला आठवतं मी, पण आता माझ्या आठवणींचा काही भरवसा नाही, तू सांग.