रविवारची पुरवणी पुन्हा मांडताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. फोनवर निम्मंच बोलणं झालं, म्हणून हे पत्र. रविवार पुरवणीचं रूप पालटायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलंय. वरून सूचना एकच: ‘जरा तरुण दिसू दे.’ तरुण म्हणजे फोटो मोठा नि लेख आखूड, असा सगळ्यांचा समज. मला तो मुळीच पटत नाही. रोजचा अंक माणूस लोकलमध्ये उभ्याउभ्या चाळतो, पण ‘लोकरंग’ किंवा ‘सप्तरंग’ तो बैठक मारून वाचतो. त्याच्या तोंडचा लेख काढून घ्यायचा कशाला? म्हणून मी लेखांना कात्री लावायची नाही, ते वाचायला सुखाचे करायचे, असं ठरवलंय.

बाहेरच्या सल्लागारांनी दिलेला साचा इंग्रजी पानावर बेतलेला होता. नऊ पॉइंटच्या अक्षराला दहाचं लीडिंग, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर! आपल्याकडे ओळीच्या डोक्यावर रफार, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी उकार. वरच्या ओळीतला ‘कृ’ खालच्या ओळीतल्या ‘र्थी’वर आदळायला लागला. मी लीडिंग बारावर नेलं. कॉलमही आठाचे पाच केले. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ अरुंद कॉलमात आला की ओळीत दोनच शब्द उरतात आणि दोन्ही कडा सरळ जुळवल्या (जस्टिफाय केल्या) की मधे खिंडार पडतं.

आता एवढी जागा आणायची कुठून? प्रत्येक सदराचा लोगो, चौकटी, रंगीत पट्ट्या, सगळं काढलं. त्या पट्टीवरची बारीक पांढरी अक्षरं तशीही वाचता येत नव्हती. न्यूजप्रिंट शाई पितो, त्यात चार रंगांच्या चार प्लेटांपैकी एकीचं रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, केसभर हललं की अक्षर बुजलंच. सदर लेखक रुसले, दुसरं काय!

खरी गंमत मधल्या पानांत आहे. पुरवणी चार पानी, म्हणजे एकच मोठा कागद. पहिलं नि चौथं पान त्याच्या एका बाजूला, दुसरं-तिसरं दुसऱ्या बाजूला. रंग बाहेरच्या बाजूलाच मिळतो आणि चौथं पान जाहिरातवाल्यांनी आधीच मागून ठेवलंय. आत काळं-पांढरं, त्यामुळे ती पानं सावत्र ठरली होती. पण आतला कागद सलग असतो रे! मथळा दोन्ही पानांवरून आरपार नेता येतो, फोटो घडीवरून पसरता येतो. मुख्य लेख मी तिथेच हलवलाय. पहिल्या पानावर फक्त त्याची सुरुवात देऊन ‘उर्वरित पान दोनवर’ करायचं नाही, लेख आतच सुरू होऊन आतच संपेल.

युनिकोड फाँट घेतला तेव्हा मुद्रितशोधकांनी पहिल्याच प्रुफावर लाल पेन चालवलं. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटले होते. २००९च्या शासननिर्णयातला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा, म्हणाले. बरोबरच होतं. फाँटमध्ये मराठी वळण होतं, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय ते येत नव्हतं.

शब्दकोड्याला हात लावलेला नाही. तेवढी हिंमत कुणात आहे?

सोबत दोन डमी पाठवतोय. पहिलीत मथळे ठसठशीत आहेत, दुसरीत हलके. संपादकांचा कल दुसरीकडे, माझा पहिलीकडे. खऱ्या कागदावर छापून घेतल्यात, तेव्हा खिडकीतल्या उजेडात आणि रात्री ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे वाचून बघ. वहिनींना कोड्याचे चौकोन पेनाने भरायला पुरतात का, तेही विचार. शुक्रवारपर्यंत कळव, त्यानंतर पानं प्रेसला जातील.

तुझा,
पानं लावणारा मित्र