दोन एकरांचे कुरण आणि गवळाऊ

महोदय,

नागपूर-वर्धा पट्ट्यातील गवळाऊ गाय वैदर्भीय उन्हाळा सोसणारी आणि चपळ बैल देणारी असली, तरी ई-वर्ग, म्हणजे गावच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनींवरील अतिक्रमणांमुळे लहान पशुपालकाला स्वतःच्या कुरणावरच अवलंबून राहावे लागते. माझ्या दोन एकरांचे सहा भाग पाडून मी जनावरे आळीपाळीने चारतो, कारण चरलेल्या भागाला विश्रांती मिळाल्याखेरीज गवताची मुळे पुन्हा जोम धरत नाहीत. पहिल्या पावसानंतरचे कोवळे अंकुर चारणे तर वर्षभराचे कुरण गमावणेच होय. एवढे करूनही तेथे दोनच गायी, त्याही ज्वारीच्या कडब्याच्या आधाराने, निभतात. ग्रामपंचायतींनी ई-वर्ग जमिनी पावसाळ्यापूर्वी मोजून अतिक्रमणमुक्त कराव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक पशुपालक, उमरेड, जि. नागपूर