सोलापुरातल्या बालवाचकांच्या पाठीराख्यांनो, आभार

नावं सांगायची नाहीत, असं तुम्हीच बजावलंत, म्हणून वाचनालयातल्या तुमच्या कामांचेच आभार मानतो.

खालचे दोन कप्पे रिकामे करून तिथे चित्रांची पुस्तकं मुखपृष्ठ समोर ठेवून मांडणाऱ्या ताई, खरा बदल तुमच्यामुळे झाला. तीन-चार वर्षांचं मूल पुस्तकाच्या कण्यावरचं नाव वाचत नाही, ते चित्र बघून हात घालतं.

शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातून येऊन तेलुगूत गोष्ट सांगणाऱ्या आजींचे आभार. घरची भाषा कानी पडली की मूल दाराशी घुटमळत नाही. आठ-दहा मुलं, वीस मिनिटं, मग पुस्तकं हातात: हे गणित तुमचंच. त्याहून जास्त मुलं बसवली की मागच्यांना चित्र दिसत नाही आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

फाटकी पानं मैद्याच्या खळीने, पातळ कागदाची पट्टी लावून जोडणाऱ्या काकांना नमस्कार. सेलोटेप पिवळी पडून सुटते, पानावर डाग राहतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालतात, तो घालू दिला नाहीत, हेही मोलाचं. लहान मुलं पान तोंडात घालतात, आणि मोरचूद विषारी. दाराशी पाणी, साबण आणि कोरडा पंचा ठेवणाऱ्यांचेही आभार. शेंगाचटणीचं तेल कागदातून निघत नाही.

आणि पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवरचे दादा, “फाटलं तर ओरडू नका, तसंच आणून द्या” हे तुम्ही प्रत्येक पालकाला सांगता. अनामत बुडेल या धास्तीने पुस्तक कपाटात कुलूपबंद राहायचं, ते आता उशाशी असतं.