कंदील तुझ्या आजोचा

कुळे, गोवा, २४ नोव्हेंबर

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार. सहा महिने पत्र नाही की फोन नाही, आणि आता लिहितोय तेही तोंड लपवून. आधी मनसोक्त शिव्या घाल, मग पुढे वाच. प्रकृती ठीक. गुडघा पावसात कुरकुरला, आता गप्प आहे.

झालं असं. गेल्या महिन्यात कॉलेजची चार पोरं स्टेशनाच्या इतिहासाचा व्हिडिओ करायला आली. त्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलं. पाच मिनिटांचं विचारलं तर दीड तास बोलणारा गावात दुसरा आहे कोण? मला बाकड्यावर बसवलं, शर्टाला तो डासाएवढा माईक लावला आणि मी सुटलो. १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार, १८८१ साली लंडनमध्ये उभी राहिलेली कंपनी, मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंतचा मीटरगेज रूळ, १८८८ साली वर पोचलेली गाडी. चौथीत आपण ह्याच्यावरून मारामारी केली होती, आठवते? तू म्हणायचास लाईन इंग्रजांनी बांधली, मी म्हणायचो पोर्तुगीजांनी. मास्तरांनी दोघांनाही कोपऱ्यात उभं केलं. आता सांगतो, दोघेही बरोबर होतो. कंपनी साहेबाची, जमीन आणि हमी पोर्तुगालची. धंद्यात खोट आली की भरायची लिस्बनने. तुझी उधारी माझ्या नावावर लिहायचास तसंच.

मग घाट. ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, म्हणून अजून गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलायचं जादा इंजिन, जोडतात, हे सांगताना माझे हातही गाडी ढकलायला लागले. पोरं खूश. दुपदरीकरणाचंही विचारलं त्यांनी. २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला लोक दुसरा रूळ नको म्हणून रात्रभर रुळांवर बसले होते, ते सांगितलं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपासून कुळ्यापर्यंतच्या टप्प्याची परवानगी रद्द केली, तेही सांगितलं. ह्या विषयावर तू फोन आपटला होतास, ते नाही सांगितलं. दुसरा रूळ आला तर गाड्या वाढतील म्हणतोस. वाढतील रे, पण कोळसा वाहणाऱ्या. माझं मत तेच आहे.

इथपर्यंत सगळं खरं. मग त्यातल्या एका मुलीने विचारलं, "काका, तुमचे आजोबा काय करायचे?"

आता सांग, काय सांगणार? माझा आजो ह्याच स्टेशनाबाहेर चहा विकायचा. कुडचड्याच्या पलीकडे आयुष्यात गेला नाही. १९५५ साली भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली, पलीकडची गाडी बंद पडली, तेव्हा त्याने किटली उलटी ठेवली आणि परसात भोपळे लावले. हा आमचा घराण्याचा इतिहास. समोर कॅमेरा, तांबडा दिवा लुकलुकतोय. आणि माझ्या तोंडून तुझा आजो बाहेर पडला, दिगू.

पॉईंट्समन होता म्हणालो, गाडीसाठी रूळ बदलून देणारा. लोंढ्याला दिलेली बहीण आजारी आहे असा निरोप आला आणि गाडी तर नाही. मग कंदिलाला गोणपाट गुंडाळून रात्री रुळावरून चालत निघाला, दूधसागराचा पूल आणि सगळे बोगदे पार करून कॅसलरॉक, २६ किलोमीटर. तिसऱ्या रात्री परत, खिशात बेळगावचा कुंदा, आणि वाटेत पहाऱ्यावरच्या पाखल्याने, म्हणजे पोर्तुगीज शिपायाने, त्यातला अर्धा खाऊन त्याला सोडून दिलं. सगळं सांगितलं. कुंद्याला लागलेल्या मुंग्यासुद्धा. तुझ्या आजोने आपल्याला पडवीत सांगितलं होतं तसंच, फक्त 'दिगूचा आजो'च्या जागी 'माझा आजो'. खोटं सांगतोय असं सांगताना वाटलंच नाही, हे जास्त वाईट. ती गोष्ट इतकी वर्षं मी इतक्या जणांना ऐकवलीय, की तिची मालकी कधी सरकली ते कळलंच नाही.

मुलगी रडली. मीही थोडा रडलो. तुझ्या आजोसाठी रडलो, एवढं तरी मान.

तो व्हिडिओ गावभर फिरला. बायकोने पाहिला आणि एवढंच म्हणाली, "भोपळ्यांचं का नाही सांगितलंत?" तेव्हापासून घरात रोज भोपळा आहे. भाजीवाली मिळालेली असणार, मला संशय आहे.

आणि आता मुख्य संकट. शाळेने १९ डिसेंबरला, मुक्तिदिनी, माझा सत्कार ठरवलाय. श्रीफळ, शाल, वर भाषण. हेडमास्तर परवा घरी येऊन म्हणाले, "तो कंदील असेल ना घरात? टेबलावर ठेवू या." मी म्हटलं, बघतो माळ्यावर. माळ्यावर भोपळ्यांच्या बिया आहेत, दिगू. कंदील तुझ्याकडे पुण्याला.

रात्री झोप नाही. दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेलो, खरं सांगायला. पहिल्यांदा आत प्रार्थना चालू होती. दुसऱ्यांदा पोरं लेझीम बसवत होती आणि एकाने ओरडून सांगितलं, "ते बघा, कंदीलवाले!" परत आलो.

तुझ्या घरात कुणी तो व्हिडिओ पाहिला का? वहिनींनी पाहिला असेल तर माझं काही खरं नाही. तुझ्या मुलीचं लग्न ठरल्याचं उडत उडत कळलं. अभिनंदन, तारीख कळव. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना नीट?

मी ठरवलंय ते असं: सत्कार होऊ दे, पण तो तुझ्या आजोचा. तू ये. गोवा एक्स्प्रेस अजून पुण्यावरून येते आणि कुळ्याला थांबते, तुला काही शोधावं लागणार नाही. कंदील पिशवीत नीट गुंडाळून आण, काच जुनी आहे. स्टेजवर मी उठून सांगेन की गोष्ट ह्याच्या आजोची, माझ्या आजोने भोपळे लावले. लोक हसतील ते हसू देत. तू आला नाहीस तर मात्र माझ्याच्याने होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. मला एकट्याला माईक दिला तर मी पुन्हा कुंद्यापासून सुरू करीन.

तुझाच,
शाबी

ता. क. येताना कुंदा आणू नकोस. सोलं, तुमची आमसुलं, भरून ठेवलीत, जाताना घेऊन जा. आणि भोपळा हवा तेवढा.