मनूस, तडीपारीच्या नोटिशीबद्दल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तडीपारीच्या नोटिशीचं तू मामाला आधी सांगितलंस आणि मला नंतर. त्याने लगोलग फोन करून "पोरीला घरी बोलावून घे" असा मलाच दम भरला. मी बोलावत नाहीये. माझी अख्खी नोकरी महसूल खात्यात, फेरफार नि सात-बाऱ्याच्या धुळीत गेली. कातकरी वाडीच्या जमिनीचं भांडण हातात घेऊन तू कशात हात घातला आहेस ते मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर हे धड बोलता येत नाही, आणि तुझ्या फोनवर सध्या बोलूही नये.

आधी नोटिशीचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ची नोटीस आली म्हणजे हद्दपारीचा हुकूम झाला असं नाही. कलम ५९प्रमाणे तुझं म्हणणं ऐकावंच लागतं. ते लेखी दे, पोचेवर शिक्का नि आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस. साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत, हे ठरलेलं वाक्य नोटिशीत असेलच. कोणत्या गुन्ह्यांच्या आधारावर, ते तारखांसकट माग. हुकूम झालाच तर तीस दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. नाहीतर दोन वर्षांपर्यंत जिल्ह्यात पाय ठेवता येणार नाही, आणि तेवढ्या वेळात वाडीच्या जागी फार्महाऊसचं गेट उभं राहतं. एक गंमत बघ. ज्या प्रांताच्या सहीने तुला बाहेर घालवायचं, तोच वनहक्काच्या उपविभागीय समितीचा अध्यक्ष. वाडीचे दावे आणि तुझी तडीपारी एकाच टेबलावर आहेत!

ही तडीपारीची तऱ्हा जुनीच. वारल्यांच्या लढ्यात गोदावरी परुळेकरांनाही ठाणे जिल्ह्यात यायला बंदी घातली होती. पण १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला गोळीबार झाला तेव्हा जेठ्या गांगड धरून पाच जण मेले, ते सगळे वारली होते. बाईंवर बंदी, वारल्यांवर गोळी. मला तुला जे सांगायचंय ते एवढ्यात आलं, पण तू वकील आहेस, तुला पुरावा लागतो.

जमीन कशी जाते ते तुला कोर्टात दिसतं, मी ते कचेरीत पाहिलं आहे. जमीन महसूल संहितेची ३६ आणि ३६ अ ही कलमं पुस्तकात भक्कम आहेत. ६ जुलै १९७४पासून आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही, आणि १९५७पासून तोवर गेलेली परत देण्याचाही कायदा झाला. पण कातकरी आजोबा मेला की वारस नोंद होत नाही, कारण त्यासाठी तलाठ्याकडे माराव्या लागणाऱ्या खेपा म्हणजे तेवढे रोज बुडाले. उतारा मेलेल्या माणसाच्या नावे तसाच राहतो. दिवाळीनंतर घरदार उचल घेऊन वीटभट्टीवर जातं. मग एक दिवस एक वारस उगवतो, त्याचं कुलमुखत्यारपत्र निघतं, साठेखत होतं. ज्याला एवढीही खटपट नको तो आपल्याच आदिवासी गड्याच्या नावावर खरेदी करतो, कारण आदिवासीने आदिवासीला विकायला ३६ अची आडकाठी नाही. उतारे नव्याने लिहिताना इतर हक्कांच्या रकान्यातली "३६ अ"ची नोंद तेवढी राहून गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. सही कोणाची, ते विचारायचं नसतं. पावसाआधी माणसं परततात तोवर तारेचं कुंपण झालेलं असतं, आणि त्याच्या आत गेलेल्या मालकावर अतिक्रमणाची तक्रार. वाड्यांच्या खालची जागा तर कातकऱ्यांच्या नावावर कधी नव्हतीच. ती कुणाच्या तरी सर्व्हे नंबरात. जोवर भाव नव्हता तोवर कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

हे सगळं सुरळीत चालतं तोवर कुणी कुणाला मारत नाही. मारहाण सुरू होते ती कुणीतरी उतारा वाचायला शिकल्यावर.

सोनभद्रातल्या उंभा गावचं तुला माहीतच आहे. गोंड पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली जमीन १९५५ साली कागदावर एका सोसायटीच्या नावे चढली, तिथून खाजगी नावांवर गेली आणि शेवटी गावच्या प्रधानाने त्यातली विकत घेतली. १७ जुलै २०१९ला तो ट्रॅक्टर आणि बंदूकवाले घेऊन ताबा घ्यायला आला. दहा गोंड मेले. मेलेल्यांत बाहेरून आलेला कार्यकर्ता नव्हता.

बाहेरचे सुटतात असं मात्र समजू नकोस. सिस्टर वल्सा जॉन केरळची, झारखंडात पाकूडकडे संथाळांच्या जमिनी कोळशाच्या खाणीत जात होत्या म्हणून तिथेच राहिली. १५ नोव्हेंबर २०११च्या रात्री जमावाने तिला मारलं. पकडले गेले त्यांत तिथलेच लोक होते. खाण आली की ठेके येतात, ठेके आले की गाव फुटतं. परका मारेकरी आणायची गरज पडत नाही, हे ध्यानात ठेव. फादर स्टॅन स्वामी तर आपल्याच रायगडात, तळोजाच्या तुरुंगात होते. झारखंडात नक्षलवादी म्हणून आत टाकलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांची माहिती गोळा करणारा म्हातारा स्वतःच कच्चा कैदी झाला. हात थरथरायचे म्हणून पाणी प्यायला नळीचा पेला कोर्टाकडे मागावा लागला. ५ जुलै २०२१ला चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले. खटला उभाच राहिला नव्हता.

ग्लोबल विटनेस या संस्थेने २०२३ सालात जगभर जमीन आणि पर्यावरणासाठी भांडणाऱ्या १९६ जणांचे खून मोजले. आपल्याकडच्या वाडीतल्या मारहाणीची ठाण्यात बहुतेक एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते, ती कुठल्या आकड्यात येणार?

तर मी काय म्हणते. तुझ्यावर केस झाली की चार वकील धावून येतील, पेपरात चौकट येईल, परदेशातून पत्रं येतील. जेसीबी अडवला त्या दिवशी तुझ्याबरोबर नाव आलं ते त्या बारावी झालेल्या पोराचंही, मोजणीला टेप धरतो तो. सरकारी कामात अडथळा, जुन्या दंडसंहितेचं ३५३, आताच्या न्यायसंहितेचं १३२. त्याला जामीनदार लागेल, आणि जामीनदाराला सात-बारा नाहीतर घरपट्टीची पावती नि ऐपतीचा दाखला. वाडीत हे कोणाकडे आहे? जमिनीसाठी भांडणाऱ्याकडे कोर्ट जमिनीचा उतारा मागतं. तुझी नोटीस तुमच्या ग्रुपवर फिरली, त्या पोराच्या कोर्टाच्या तारखेबद्दल मात्र मला कुठे एक ओळ दिसली नाही. भट्टीमालकाने त्याच्या बापाकडे उचल परत मागितली असेल, विचारून बघ. पहिला घाव तिथेच घालतात.

म्हणून अर्जावर पहिली सही तुझी नको. ग्रामसभेचा ठराव असू दे, कोरम मोजलेला, अंगठ्याशेजारी नाव लिहिलेला. अधिकाऱ्यासमोर वाडीतल्या बाया बोलू देत, तू मागे बस. एकाच माणसाला हटवलं की काम थांबतं असं समोरच्याला वाटलं, की तो त्या माणसाची किंमत काढायला लागतो. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनहक्क कायद्याच्या ४(५)प्रमाणे हुसकावता येत नाही, हे वाडीतल्या चार जणांना तोंडपाठ करून दे. जमीन बळकावली, हुसकावलं, तर अ‍ॅट्रॉसिटीच्या कलम ३ची फिर्याद त्यांनी द्यायची. तू बिगर आदिवासी, त्या गुन्ह्यात पीडित तू होत नाहीस.

आणि तुझ्यापुरतं. तळेगावच्या सतीश शेट्टींनी जमिनींची प्रकरणं बाहेर काढली होती. १३ जानेवारी २०१०ला ते सकाळी फिरायला गेले तेव्हा त्यांना गाठून मारलं. रोजची वेळ नि रोजचा रस्ता ठेवू नकोस. खिंडीतून रात्री एकटी गाडी काढू नकोस. मूळ कागद खोलीवर ठेवू नकोस, एक संच माझ्याकडे पाठव.

आपल्याकडेही एक गृहस्थ येऊन गेले. मी नोकरीत असताना कचेरीत असायचे, त्यांना तू ओळखत नाहीस. हापूसची पेटी घेऊन आले, तुझ्या लग्नाचं विचारलं, मग म्हणाले, "वहिनी, पोरगी हुशार आहे, पण तिकडे रस्ते चांगले नाहीत." मी चहा दिला, पेटी परत दिली आणि ते गेल्यावर तारीख, वेळ नि गाडीचा नंबर वहीत लिहिला. त्यांच्या देखत लिहायला हवा होता असं मामा म्हणतो. मला तसं वाटत नाही.

तू पैसे खातेस, तू बाटवतेस, तुझं कुणाशी तरी आहे, हे सगळं माझ्या कानावर आलंय. बाईमाणसाला एवढं फुकट मिळतंच. त्याचा खुलासा करत बसू नकोस.

त्या पोराच्या जामिनाला मी उभी राहते. तुझ्या आजोबांकडून आलेल्या शेताचा ताजा उतारा काढून ठेवलाय, ऐपतीच्या दाखल्याला अर्ज केलाय. आधी जातमुचलक्यावर सुटतो का ते तू बघ. नसेल तर मी तारखेच्या आदल्या दिवशी येते. त्याचं आधारवर नाव कसं आहे ते नीट बघून कळव, शाळेच्या दाखल्यावर वेगळं असेल तर तेही. पावतीपुस्तक आणि मोजणीचा नकाशा मूळ असेल तो येताना मीच घेऊन जाईन.

तुझी,
आई