अडीच थाऊचा हिशोब द्या

विषय : 0.458 इंची गोळीची पॉइंट फॉर्मिंग डाय (रायफलच्या गोळीला टोक काढणारा साचा). चौथं आणि शेवटचं पत्र.

मालक,

आधीची तीन पत्रं इंग्रजीत लिहिली. ती पोचली, पण कुणाला कळलेली दिसत नाहीत. तुम्ही मूळचे इचलकरंजीकडचे असं तुमच्याच माणसाने सांगितलं, म्हणून हे मराठीत.

640 डॉलर आगाऊ घेतलेत आणि सात महिने बसवून ठेवलंत. डाय आतून आरशासारखी आहे, मान्य. पण गोळी निघते 0.4605 इंचाची, म्हणजे अडीच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त. आत मऊ शिशाचा कोअर, वर तांब्याचं जॅकेट म्हणजे कवच, वजन 500 ग्रेन, वंगणाला लॅनोलिन, सगळं तुम्ही सांगितलंत तसंच. जॅकेट न घालता नुसतं शिसं दाबलं, तरी 0.460. तेव्हा तांब्याच्या स्प्रिंगबॅकवर (दाब सुटल्यावर धातू थोडा मागे येतो त्यावर) ढकलू नका. डाय मोठी कापली गेलीय.

आता मंगळवारचा फोन. पोरगा विचारतो, "कॅलिपरची बॅटरी बदललीत का?" मी म्हटलं, बाबा, हा मायक्रोमीटर आहे, हातानं फिरवायचा, याला बॅटरी नसते. तो गप्प. मग अकरा मिनिटं गाणी ऐकवलीत. मग सीनियर आले. म्हणे, "सोपं आहे सर, 0.458 ची रिंग डाय (गोळी बारीक करायचं कडं) घ्या आणि गोळी त्यातून ओढून काढा. नव्वद डॉलर फक्त." मी दोनदा विचारलं, जॅकेटवाली गोळी? "हो सर, सगळे तसंच करतात."

सगळे म्हणजे कोण? ओढल्यावर तांबं थोडं परत फुगतं, शिसं फुगत नाही, आणि कोअर आत सैल पडतो. कोअर जॅकेटपेक्षा बारीक, जॅकेट डायपेक्षा बारीक, दाबून फक्त वाढवायचं, हे तुमच्याच माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आहे. ते वाचून दाखवलं तर म्हणाले, "ते पत्रक जुनं झालं, सर."

जुनं! माझी रायफल 45-70 ची आहे, काडतूसच 1873 सालचं. जुन्याचं वावडं असेल तर हा धंदा कशाला मांडलात? अडीच थाऊ जाड गोळीने प्रेशर किती चढेल ते तुमच्या सीनियरनी स्वतःच्या खांद्याला बट लावून बघावं. मी शेजारी उभा राहणार नाही.

26 वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत मी, आधी भोसरीत, मग इथे ओहायोत. ग्राइंडिंगवर चूक कुणाची होत नाही? माझीही झालीय, पण गिऱ्हाइकाला बॅटरी बदलायला सांगितली नाही कधी. गोळ्या-काडतुसांची हत्यारं बनवणाऱ्या आरसीबीएस कंपनीच्या नावातला 'एस' स्वेजचा, म्हणजे साच्यात दाबून गोळी घडवण्याचा. लोकांनी याच कामावर नाव काढलं. आणि आपला माणूस म्हणून मी क्लबात चार जणांना तुमचा नंबर दिला होता. त्यांना आता काय तोंड दाखवू?

640 डॉलर. सात महिने. पंधरा दिवसांत एक तर बरोबर मापाची डाय, नाहीतर सगळे पैसे परत. नंतर बँकेत आणि कोर्टात भेटू, आणि क्लबाच्या फळ्यावर हे पत्र इंग्रजी करून लावीन.

डाय आणि पाच गोळ्या सोबत पाठवल्या आहेत. मोजा. मायक्रोमीटर नसेल तर कळवा, तोही पाठवतो.

(तुमचा आतापर्यंतचा ग्राहक)