बारा मुलींच्या चालण्याला परवानगी मिळेल का?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

उजवा पाय उशीवर ठेवून हे पत्र लिहिते आहे. सहा आठवडे तत्काराचं, म्हणजे कथकातल्या पदन्यासाचं, नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. बावीस वर्षं कथक शिकवणाऱ्या बाईला!

मार्चमध्ये आमच्या वर्गाच्या कार्यक्रमाला आपण प्रमुख पाहुणे होतात. आठवत नसेल, दिवसाला चार-पाच शाली, त्यातली एक आमची. मुलींची रचना बघून आपण माइकवरून म्हणालात, "हे रस्त्यावर व्हायला हवं. परवानगीचं माझ्यावर सोडा." टाळ्या पडल्या. आम्ही सोडलं.

त्या रचनेसाठी मुली दोन महिने वही घेऊन चौकात उभ्या होत्या. कोण कसं चालतं, एवढंच बघायचं. गर्दी आली की कॉलेजची पोरगी पाठीवरची सॅक पुढे छातीशी घेते. समोरून पुरुष आला की खांदा वळतो तो बाईचाच. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या मावशींची मान तसूभर हलत नाही, सगळं कमरेतून सांभाळतात. वर्गात मी वर्षभर घसा फोडून तेच शिकवते. या चाली आम्ही तीनतालात, सोळा मात्रांच्या तालात, बसवल्या. पण सोळा मात्रा सरळ चालता येईल असा फुटपाथच नाही. नवव्या-दहाव्या पावलाला डीपीचा खोका, नाहीतर बुलेट, नाहीतर आपल्याच वाढदिवसाच्या फ्लेक्सचा बांबू.

परवानगीसाठी पाच टेबलं झाली. स्पीकर नाही, मंडप नाही, बारा मुली चालणार. "मग नाच कुठाय?" साहेबांनी विचारलं. शेवटी 'वाहतुकीस अडथळा' असा शेरा मारून अर्ज परत. त्याच रात्री त्याच चौकात वरातीचा डीजे अडीच तास उभा! त्याला कोणी अडवलं नाही. ज्या राज्यात माणसं आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर पावली खेळत, फुगड्या घालत जातात, तिथे बारा पोरींची चाल अडथळा ठरते.

आणि परवा त्याच फुटपाथवर पेव्हर ब्लॉक पायाखाली उलटला. घोट्यात टक् असा आवाज आला. लिगामेंट. एका रिक्षावाल्या दादांनी उचलून नेलं, पैसे घेतले नाहीत. एमआरआयचे साडेसहा हजार गेले. वर्ग बंद म्हणजे फी बंद, हॉलचं भाडं मात्र चालू.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा फुटपाथसाठीचा निकष किमान १.८ मीटर मोकळ्या रुंदीचा आहे. मुलींनी टेप लावली: चारशे मीटरांत सत्तेचाळीस अडथळे, एखाददुसरा इकडेतिकडे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फुटपाथचा हक्क कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात बसवला. तरी कागद हलत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगरून २३ माणसं गेली. शरीराला वळायला जागा लागते हे तेव्हा तरी कळायला हवं होतं. पण नकाशे काढणारे गाडीतून उतरतील तर ना! उड्डाणपुलांची उद्घाटनं होतात, फीत कापायला फुटपाथवर कोण येतंय?

मागण्या दोनच: परवानगी द्या, तो फुटपाथ नीट करा. तो ब्लॉक एका विद्यार्थिनीनं मला घरी आणून दिलाय. पुढच्या वेळी आलात तर शाल नेहमीचीच असेल, श्रीफळ म्हणून हाच देऊ.

आपली,
एक कथक शिक्षिका (सध्या कुबडीवर)